दारावर आलेला साडेदहा सेंटचा दर

पत्र

नमस्कार. आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळ प्लेनोला राहतो. गेल्या मे महिन्यात घर घेतलं. त्या गडबडीत रिअल्टरने सुचवलेल्या कंपनीशी विजेचा एक वर्षाचा करार केला, तो येत्या १८ मेला संपतोय. मागच्या शनिवारी दुपारी एक मुलगा दारात आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. “ऑन्कॉरच्या भागात सगळ्यांचे दर वाढताहेत, तुमचं बिल बघू,” म्हणाला. मी दाखवलं, त्याने फोटो काढून घेतला. मग २४ महिन्यांचा प्लॅन सांगितला, दर १०.५ सेंट. सध्या आम्हाला सगळं धरून युनिटमागे १५.३ सेंट पडतात. दुसराही एक प्लॅन होता, रात्री नऊ ते सकाळी सहा वीज फुकट. “आजच सही करा, आजच स्विच करतो,” असं तो म्हणत होता. ‘हे घरी नाहीत’ म्हणून मी पुढच्या शनिवारवर ढकललं.

ह्यांनी रात्री वर्षभराच्या युनिटांना १०.५ ने गुणलं. वर्षाला साडेसहाशे डॉलर वाचतात म्हणाले, कशाला थांबायचं? पण त्या कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. जूनमध्ये आईबाबा पुण्याहून चार महिन्यांसाठी येणार आहेत. कंपनी बुडून भर उन्हाळ्यात वीज गेली तर? ह्यांची बदली ह्यूस्टनला व्हायची शक्यता आहे, मग २४ महिन्यांच्या कराराचं काय? आणि फ्रिस्कोला राहणाऱ्या माझ्या नणंदेकडे असं कोणी कधी फिरकलंच नाही, तिने काय करावं? त्याने दिलेल्या, प्लॅनचे दर छापलेल्या लेबलचा फोटो आणि वर्षाची बिलं जोडते आहे. विश्वास ठेवावा का?

— प्लेनोहून एक वाचक

उत्तर

ताई,

आईबाबांची काळजी आधी मिटवू. वीज विकणारी कंपनी बुडाली म्हणून तुमच्या घरचा एसी बंद पडणार नाही. तुमच्या घरापर्यंत येणाऱ्या तारा, खांब आणि भिंतीवरचा मीटर ऑन्कॉरचे आहेत. ऑन्कॉर घरांना वीज विकत नाही, फक्त पोचवते. तुम्हाला बिल पाठवणारा रिटेलर वीज घाऊक बाजारातून घेतो आणि तुम्हाला विकतो, त्याच्या मालकीचा एकही खांब तुमच्या गल्लीत नाही. वादळात लाइन पडली तर ऑन्कॉरचीच माणसं येतात, आणि तुम्ही कोणाचे ग्राहक आहात यावरून कोणाचं घर आधी घ्यायचं ते ठरत नाही. रिटेलर खरंच गाशा गुंडाळून गेला, तर राज्याच्या वीज आयोगाने अशा वेळेसाठी नेमलेल्या कंपन्यांकडे ग्राहक आपोआप वळवले जातात. तिथला दर मात्र चढा असतो, म्हणून तिथे रेंगाळू नये. दुसरी कंपनी शोधून निघावं, निघायला दंड नसतो.

टेक्सासने १९९९ मध्ये कायदा करून वीज पोचवणारे आणि वीज विकणारे वेगळे केले, आणि १ जानेवारी २००२ पासून घरगुती ग्राहकाला विकणारा निवडायची मोकळीक मिळाली. तेव्हापासून कितीतरी कंपन्या आल्या, गेल्या, एकमेकींत विलीन झाल्या. न ऐकलेलं नाव म्हणजे भुरटी कंपनी, असं इथे समजू नये. रिलायंट, ग्रीन माउंटन, सिरो ही तीन नावं एनआरजी या एकाच कंपनीची. टीएक्सयू, अँबिट, ट्रायईगल ही व्हिस्ट्रा या दुसऱ्या कंपनीची. लेबलवर किंवा बिलावर रिटेलरचा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो आयोगाच्या यादीत आहे ना ते बघा, आणि आयोगाच्याच ‘पॉवर टू चूज’ या संकेतस्थळावर त्या कंपनीविरुद्धच्या तक्रारींचं मानांकन बघा. पाच मिनिटांचं काम आहे. कंपनीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न माझ्या मते तेवढ्यावर संपतो. खरा घोळ पुढे आहे.

तो कुठे आहे हे फेब्रुवारी २०२१ ने चांगलंच दाखवलं. बर्फाचं मोठं वादळ आलं, वीजकेंद्रं गारठून बंद पडली, आणि घाऊक बाजारात विजेचा दर युनिटला नऊ डॉलरवर जाऊन कित्येक तास तिथेच थांबला. एरवी तो काही सेंट असतो. तेव्हा ग्रिडी नावाची एक कंपनी होती. महिन्याला ९.९९ डॉलर वर्गणी घ्यायची आणि वीज घाऊक दराने जशीच्या तशी पुढे द्यायची. वर्षानुवर्षं तिचे ग्राहक खुशीत होते. त्या आठवड्यात त्यांना हजारो डॉलरची बिलं लागली. मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच वर्षी विधिमंडळाने घरगुती ग्राहकांसाठी अशा प्लॅनवर बंदी आणली. पण ग्रिडीने करारात लिहिलं होतं तेच केलं होतं. वादळाच्या तोंडावर ‘आम्हाला सोडून दुसरीकडे जा’ असंही तिने स्वतःच ग्राहकांना कळवलं होतं. खोटं कोणी बोललं नाही. नऊ डॉलरचा दर आला तर आपल्या घरात काय होईल, हा हिशेब तेवढा कोणी केला नव्हता.

तुमच्याकडे आलेला मुलगाही बहुधा खोटं बोललेला नाही. १०.५ सेंट हा आकडा लेबलवर छापलेला आहे. तुमच्या ह्यांचा गुणाकारही बरोबर आहे. तरीही साडेसहाशे डॉलर वाचणार नाहीत, उलट पदरचे काही जातील. कसे, ते सावकाश बघू, कारण हे एकदा समजलं की पुढच्या वीस वर्षांत दारावर येणारा प्रत्येक प्लॅन तुम्ही स्वतः तपासाल.

टेक्सासमध्ये प्रत्येक प्लॅनला वीजदराचं एक लेबल जोडावं लागतं. त्यावर महिन्याला ५००, १,००० आणि २,००० युनिट वापरले तर सरासरी दर किती पडेल, हे तीन आकडे द्यावे लागतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते २१.०, १०.५ आणि १५.३ सेंट असे आहेत. यांच्याकडे जरा रोखून बघा. सरळ दराच्या प्लॅनमध्ये हे तीन आकडे जवळजवळ सारखे असतात, वापर वाढेल तसे किंचित उतरतात. इथे मधलाच आकडा खोल खड्ड्यात गेलाय. असा खड्डा दिसला की खालचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

बारीक मजकूर असा आहे. ऊर्जेचा दर १४.५ सेंट. ऑन्कॉरचा पोचवण्याचा आकार वेगळा: महिन्याला ठरावीक रक्कम आणि वर युनिटमागे काही सेंट. मी हिशेबापुरते पाच डॉलर आणि साडेपाच सेंट धरले आहेत. म्हणजे एकूण युनिटला २० सेंट आणि महिन्याला पाच डॉलर. आता कळीची ओळ: ज्या महिन्यात वापर १,००० ते २,००० युनिट असेल, त्या महिन्याच्या बिलातून १०० डॉलर सूट.

५०० युनिट वापरले तर बिल १०५ डॉलर. १,००० वापरले तर २०५ मधून १०० वजा, पुन्हा १०५ डॉलर. दुप्पट वीज, तेवढंच बिल. आणि ९९९ युनिट वापरले तर २०४ डॉलर ८० सेंट. एक युनिट कमी वापरल्याचा दंड जवळजवळ शंभर डॉलर.

आपण महावितरणच्या बिलांवर वाढलेली माणसं. तिकडे शंभर युनिटांच्या आत राहायची धडपड, कारण १०१व्या युनिटापासून चढा दर, तीनशेच्या वर आणखी चढा. जास्त वापर म्हणजे जास्त दर, हे आपल्या हाडात मुरलंय. त्यामुळे इथला उलटा पायंडा पटकन लक्षातच येत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर प्लॅनची तुलना १,००० युनिटांच्या दरावर होत आली, म्हणून कंपन्यांनी नेमक्या १,००० युनिटांवर चमकणारे प्लॅन बनवले. परीक्षेत कुठला प्रश्न येणार हे आधीच फुटलं असेल, तर क्लासवाले तेवढाच एक धडा घोटून घेणार, तसं आहे हे.

आता तुमची बिलं. जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत तुमचा वापर ओळीने असा आहे: ९४०, ८७०, ६९०, ७२०, १,०८०, १,५६०, १,८९०, १,९५०, १,४८०, ८८०, ७००, ९१०. एकूण १३,६७० युनिट. महिन्याची सरासरी १,१३९. ती हजाराच्या वर आहे, आणि ह्यांना प्लॅन आपल्याच मापाचा वाटला तो बहुतेक म्हणूनच. पण सूट सरासरीवर मिळत नाही, एकेका महिन्यावर मिळते. हजार ओलांडणारे तुमचे महिने फक्त पाच आहेत, मे ते सप्टेंबर. घर गॅसवर तापतं, त्यामुळे हिवाळ्यात विजेचा वापर उतरतो. उरलेल्या सात महिन्यांत तुम्ही पूर्ण २० सेंटने पैसे भरणार.

वर्षाचं बिल काढू. १३,६७० युनिट २० सेंटने २,७३४ डॉलर, बारा महिन्यांचे ठरावीक ६० मिळून २,७९४, त्यातून पाच सवलती वजा केल्या की २,२९४ डॉलर. सध्याच्या करारात ऊर्जेचा दर ९.४ सेंट आहे. त्याच पद्धतीने त्याचं वर्षाचं बिल २,०९७ डॉलर येतं. म्हणजे १५.३ सेंटवाला ‘महाग’ प्लॅन १०.५ सेंटवाल्या ‘स्वस्त’ प्लॅनपेक्षा वर्षाला १९७ डॉलरने स्वस्त आहे. ह्यांनी १,४३५ डॉलरचं बिल मनात धरलं होतं. साडेदहा सेंटचा दर फक्त अशा घराला पडेल, ज्याचा वापर वर्षभर दर महिन्याला हजाराला चिकटून राहतो. मला असं घर अजून भेटायचंय.

आणि हे आईबाबा यायच्या आधीचे आकडे. सवलतीला वरची मर्यादा आहे, २,००० युनिट. लेबलवरचा तिसरा आकडा बरोब्बर २,००० वर काढलेला असल्याने तिथे सूट धरलेली दिसते. २,००१ वर ती नाही. तुमचा जुलै १,८९० चा आणि ऑगस्ट १,९५० चा. दिवसभर घरात दोन माणसं जास्त, पाहुण्यांच्या खोलीचा एसी चालू, शिवाय पुण्याची माणसं एसीत गारठून मागचं दार उघडं टाकून पडवीत बसणार. वापर दहा टक्क्यांनी वाढला तरी दोन्ही महिने दोन हजारांच्या पार जातील. जादा विजेचे पैसे वेगळेच, नुसत्या दोन सवलती बुडाल्याने आणखी दोनशे डॉलर गेले.

ह्यांचा स्वभाव मला पत्रातून थोडा कळलाय, म्हणून पुढचा प्रश्न मीच विचारून टाकतो: ज्या महिन्यात थोडंसं कमी पडतं, त्या महिन्यात मुद्दाम हजार गाठले तर? हिशेबाने हे चालतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीत १३० युनिट जादा जाळायला २६ डॉलर लागतील आणि १०० डॉलरची सूट मिळेल. जानेवारी, फेब्रुवारी, ऑक्टोबर आणि डिसेंबर हे चार जवळचे महिने असे पार केले, तर वर्षाला ३२० डॉलर सुटतात, आणि हा प्लॅन सध्याच्या करारापेक्षा १२३ डॉलरने स्वस्त ठरतो. बिलाचं चक्र संपायच्या आदल्या रात्री रिकामं ओव्हन चालू ठेवणारे गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत. त्यांना त्यात आनंद मिळतो, मिळो बापडा. पण बिलाचा महिना कॅलेंडरचा नसतो, मीटरवाचनाच्या तारखेवर तो दोनचार दिवसांनी पुढेमागे होतो. चारपैकी दोन महिने चुकले की फायदा उडाला. उन्हाळ्यात दोन महिने दोन हजारांची हद्द ओलांडली तर हे चारही महिने जमवूनही तोटाच. आणि पैसे वाचवण्यासाठी वीज जाळायची, हे मला पटत नाही. तुम्हाला पटत असेल तर तो तुमचा प्रश्न, मात्र २४ महिने ही राखण करायची तयारी ठेवा.

रात्रीच्या फुकट विजेबद्दल फार लिहीत नाही. ती फुकट रात्र दिवसाच्या दरातून वसूल होते, आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात वीज सगळ्यात जास्त लागते ती दुपारी तीन ते संध्याकाळी आठ. तुमच्याकडे विजेवरची गाडी नाही आणि आईबाबा दिवसभर घरी असणार. गाडी घेतलीत, रात्री ती चार्जिंगला लावायला लागलात, तर विचार करा. तेव्हाही अंदाजाने ठरवू नका. ‘स्मार्ट मीटर टेक्सास’ या संकेतस्थळावर खातं उघडलं की तुमच्या मीटरच्या दर पंधरा मिनिटांच्या नोंदी मोफत मिळतात. रात्री नऊ ते सहा एकूण वापरापैकी किती वीज जाते ते काढा आणि लेबलवरच्या दिवसाच्या दराशी ताडून बघा.

आता त्या मुलाविषयी. दारावर वीज विकणं टेक्सासमध्ये बेकायदा नाही, पण त्याला नियम आहेत. आपण कोणत्या कंपनीचे ते सांगायला हवं, ओळखपत्र दिसेल असं घालायला हवं, आणि आपण तारांच्या कंपनीचे नाही हेही स्पष्ट करायला हवं. “ऑन्कॉरच्या भागात दर वाढताहेत” हे वाक्य फार शिताफीने रचलंय. तो ऑन्कॉरचा आहे असं त्याने म्हटलं नाही, तुम्हाला मात्र तसं वाटावं याची सोय झाली. आणि ऑन्कॉरचा पोचवण्याचा आकार वाढला, तर तो सगळ्या रिटेलरच्या ग्राहकांना सारखाच वाढतो, स्थिर दराच्या करारातही. त्याचा प्लॅन घेऊन ती वाढ टळणार नव्हती. शनिवारी तो आला तर त्याला एवढंच विचारा: “महिन्याला ७०० युनिट वापरले तर बिल किती डॉलर येईल?” दर नको, बिल सांग, म्हणावं. या प्लॅनवर उत्तर १४५ डॉलर आहे, तुमच्या सध्याच्या करारावर १०९. त्याच्या टॅबलेटवर ते सापडतं का ते बघा.

बिलाचा फोटो द्यायला नको होता. त्यावर तुमचं नाव, पत्ता आणि मीटरजोडणीचा लांबलचक ईएसआय क्रमांक असतो, आणि स्विच करायला नेमकी हीच माहिती लागते. तुमच्या संमतीवाचून कंपनी बदलणं बेकायदा आहे, तरी तसे प्रकार होतात. पुढचे दोनतीन आठवडे ईमेल आणि टपाल नीट बघत जा. न मागितलेलं ‘स्वागत’ कुठून आलं, तर त्याच दिवशी तुमच्या सध्याच्या कंपनीला फोन करा आणि वीज आयोगाकडे तक्रार नोंदवा. अशा वेळी ग्राहकाला मूळ कंपनीकडे परत नेतात. घरात कोणी त्या टॅबलेटवर बोट फिरवून ठेवलं असेल (ह्यांना एकदा विचारून घ्या), तर कंपनी बदलताना कराराच्या अटी हातात आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तो विनादंड रद्द करता येतो. ही सोय फक्त कंपनी बदलणाऱ्याला आहे. नव्या घरात पहिली जोडणी घेताना ती नसते, म्हणून बदली झाली तर ह्यूस्टनच्या करारावर सही करताना जास्त सावध राहा.

त्या बदलीसाठी २४ महिन्यांचा करार अडचण ठरणार नाही. घर सोडून जात असाल तर मुदतीआधी करार मोडल्याचा दंड टेक्सासमध्ये घेता येत नाही. नवा पत्ता द्यावा लागतो आणि कधी पुरावा मागतात, तेवढंच. ह्यूस्टनला तारा सेंटरपॉइंटच्या आहेत, पण रिटेलर बरेचसे हेच. दंड लागतो तो त्याच घरात राहून कंपनी बदलली तर. त्याच्या लेबलवर उरलेल्या प्रत्येक महिन्याला २० डॉलर लिहिलेत. सहा महिन्यांनी कंटाळून निघालात, तर १८ महिन्यांचे ३६० डॉलर. म्हणजे चूक कळल्यावर बाहेर पडणंही महागच.

असा दंड सध्याच्या करारालाही आहे, १५० डॉलरचा, आणि मुलगा “आजच स्विच” म्हणत होता. करार संपायच्या आधीच्या चौदा दिवसांत कंपनी बदलली तर दंड लागत नाही. तुमच्यासाठी ती खिडकी ४ मेला उघडते. त्याआधी हलू नका. आणि १८ मे उलटूही देऊ नका, कारण काहीच केलं नाही तर कंपनी तुम्हाला महिन्यामहिन्याच्या बदलत्या दरावर टाकते, आणि तो दर बहुधा वाईट असतो. सध्याच्या कंपनीने मुदत संपायच्या सूचना पाठवल्या असतील, जाहिरात समजून टाकून दिलेल्या ईमेलांत शोधा. त्यात नूतनीकरणाचा दर असेल. तो ग्राह्य धरू नका, पण बाजूलाही सारू नका. तीनचार इतर लेबलांशेजारी ठेवून बघा.

निवड करताना ह्यांना स्प्रेडशीट उघडून बसवा, त्यांना ते आवडेल. एका उभ्या रकान्यात तुमचे बारा महिन्यांचे युनिट, शेजारी प्रत्येक प्लॅनचं त्या त्या महिन्याचं बिल: युनिट गुणिले ऊर्जेचा दर, अधिक रिटेलरचा मासिक आकार असेल तर तो, अधिक ऑन्कॉरचं, वजा सूट जिथे लागू असेल तिथे. कमी वापराचा दंड आणि ऑटोपे न केल्याचा आकार लेबलवर खाली कुठेतरी असतो, तोही घ्या. मग बारा बिलांची बेरीज. दुसरा रकाना जून ते सप्टेंबर वापर पंधरा टक्के वाढवून भरा, आईबाबांसाठी. जो प्लॅन दोन्ही रकान्यांत खालच्या दोनतीनांत येईल तो घ्यावा. लेबलवर ‘स्थिर दर’ लिहिलेलं असलं पाहिजे. बेरजा वीसेक डॉलरच्या फरकात असतील, तर तक्रारी कमी असलेली कंपनी घ्या आणि विषय सोडून द्या.

मुदत किती? मी बारा महिन्यांची घेईन. चोवीसचा दर फार चांगला मिळत असेल तर तोही चालेल, दोन्ही मेमध्येच संपतात आणि ते सोयीचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये संपणारा करार टाळा. उन्हाळा पेटलेला असताना नवा दर शोधायची वेळ आली, तर बाजार बहुधा चढलेला असतो आणि आपली निकड कंपनीला ठाऊक असते.

राहता राहिली नणंद. फ्रिस्कोचं गणित गल्लीगणिक बदलतं. शहराच्या काही भागात तारा ऑन्कॉरच्या आहेत, काही भागात कोसर्व या सहकारी संस्थेच्या. कोसर्वच्या भागात रिटेलर निवडायची सोयच नाही, म्हणून दारावर कोणी येतही नाही. गारलंड आणि डेंटनला वीज नगरपालिकेची, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोतही तसंच. तिला म्हणावं बिल काढ आणि वरचं नाव वाच. कोसर्व असेल तर तिला काही करायचं नाही. रिटेलरचं नाव असेल आणि करार कधी संपला हे तिला आठवत नसेल, तर ती बहुधा महिन्यामहिन्याच्या दरावर आहे, आणि तिने मे महिन्याचीही वाट बघू नये.